चंद्रावरची माती येण्याआधी: इस्रोच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय अंतराळ संशोधन संस्था
तथा सचिव, अंतराळ विभाग, बेंगळुरू

विषय: चांद्रयान-४ ने आणायच्या नमुन्यांचे जतन

महोदय,

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ साठी २,१०४.०६ कोटी रुपये मंजूर केले. परत येणारे नमुने ही राष्ट्रीय संपत्ती आहे आणि त्यांच्या जतनासाठी व विश्लेषणासाठी सुविधा उभारल्या जातील, असे त्या मंजुरीतच म्हटले आहे. आमच्या दृष्टीने त्या घोषणेतला हा सर्वांत मोलाचा भाग. एलव्हीएम-३ या रॉकेटची दोन उड्डाणे, पाच मॉड्यूल, पृथ्वीच्या आणि चंद्राच्या कक्षेतली जोडणी, एवढा खटाटोप शेवटी सुमारे तीन किलो माती आणि खड्यांसाठी आहे. यानाचे काम काही महिन्यांत संपेल. माती पुढच्या कित्येक पिढ्यांना सांभाळायची आहे.

आमची विनंती अशी: नमुने ठेवण्याची जागा, ती चालवणारी माणसे आणि यानात कोणते पदार्थ चालतील व कोणते नाहीत याची यादी, ही तिन्ही कामे यानाची जोडणी सुरू होण्याआधी पक्की करावीत. नमुना बिघडतो तो उतरल्यानंतरच, असा समज असतो. प्रत्यक्षात यान जिथे जोडले जाते तिथल्या गोंदापासून, वंगणापासून आणि हातमोज्यांपासूनच बिघाडाला सुरुवात होते, आणि यान उडाल्यावर ती सुधारता येत नाही.

अपोलो मोहिमांच्या खडकपेट्यांची झाकणे घट्ट बसावीत म्हणून इंडियम या मऊ धातूची पट्टी वापरली होती. धातूची धार त्या पट्टीत रुतून हवाबंद जोड व्हावा, अशी योजना. दोन गोष्टी बिघडल्या. पट्टीवर चंद्राची धूळ बसली की जोड नीट होईना, त्यामुळे काही पेट्या पृथ्वीवर पोहोचेपर्यंत निर्वात राहिल्या नाहीत. शिवाय इंडियमचे कण मातीत मिसळले आणि त्या नमुन्यांत चंद्राचे मूळचे इंडियम मोजणे अवघड होऊन बसले. स्टारडस्ट यानाने २००६ साली धूमकेतूची धूळ आणली, तेव्हा तीत अमिनो आम्लांच्या जातीचे एक संयुग भरपूर सापडले. शोध घेतल्यावर ते हाताळणीत वापरलेल्या नायलॉनमधून आल्याचे कळले. हा धडा घेऊन, लघुग्रहाचा नमुना आणणाऱ्या ओसायरिस-रेक्स यानाच्या चमूने नमुन्याजवळ नायलॉन आणि लॅटेक्सचे हातमोजे यांना आधीच मज्जाव केला.

म्हणून पदार्थांची यादी आधी हवी. नमुन्याला थेट लागणाऱ्या वस्तू स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम आणि टेफ्लॉन एवढ्यांतच बसवाव्यात. नासाच्या ह्यूस्टनमधल्या चांद्रनमुना प्रयोगशाळेत गेली अनेक दशके हाच शिरस्ता आहे. यांतला एकही पदार्थ पूर्ण निर्दोष नाही. स्टीलमधून लोह, निकेल, क्रोमियम झिजून येते. टेफ्लॉनमधून फ्लोरिन येते. पण प्रत्येक पदार्थ काही ना काही डाग लावणारच असेल, तर तो मोजका आणि ओळखीचा असावा. विश्लेषकाला तो मग वजा करता येतो.

यादीबरोबर संग्रहही हवा. यानाच्या प्रत्येक रंगाचा, गोंदाचा, वंगणाचा, पॅराशूटच्या कापडाचा आणि उष्णतारोधक कवचाचा एक तुकडा, बॅच क्रमांकासकट, नमुन्यांच्याच संस्थेत कायमचा ठेवावा. जोडणीच्या खोलीत स्वच्छ ॲल्युमिनियमच्या आणि सिलिकॉनच्या साक्षी-पट्ट्या उघड्या ठेवाव्यात, ठरावीक काळाने बदलाव्यात आणि जुन्या सीलबंद करून जपाव्यात. वीस वर्षांनी एखाद्या संशोधकाला चंद्राच्या मातीत अनपेक्षित सेंद्रिय रेणू सापडला, तर तो चंद्राचा की आपल्या कारखान्याचा याचे उत्तर या पट्ट्याच देतील. इंधनाचाही विचार यात यावा. उतरताना इंजिनाचा झोत थेट मातीवर पडतो. हायड्रॅझिनच्या जातीचे इंधन जळले की पाणी, नायट्रोजन आणि थोडा अमोनिया तयार होतो. दक्षिण ध्रुवाकडच्या मातीत आपण नेमके हेच शोधायला जाणार आहोत. म्हणून यंत्रहाताने माती उचलायची जागा इंजिनाच्या नळीपासून जितकी दूर ठेवता येईल तितकी ठेवावी. पृष्ठभागाची माती आणि ड्रिलने काढलेली खोलवरची माती वेगळ्या डब्यांत यावी, कारण झोताचा परिणाम वरच्या थरावर अधिक होतो. उड्डाणाच्या इंधनाचा नमुनाही संग्रहात असावा.

इथल्या हवेत नमुना किती लवकर बदलू शकतो, याचे ताजे उदाहरण र्यूगू लघुग्रहाचे आहे. जपानच्या हायाबुसा-२ यानाने २०२० च्या डिसेंबरात आणलेल्या ५.४ ग्रॅमपैकी एक कण अभ्यासासाठी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेला. क्ष-किरणांनी पाहिले तेव्हा त्यात जीवाणूंचा मागमूस नव्हता. मग रेझिनमध्ये बसवून त्याला घासले, आणि या कामात तो हवेत उघडा पडला. काही दिवसांतच पृष्ठभागावर सेंद्रिय तंतू दिसू लागले, वाढले आणि पुढे कमी झाले. वाढीचा वेग पृथ्वीवरच्या जीवाणूंचा होता. त्यांची एक पिढी सुमारे पाच दिवसांची निघाली. २०२४ च्या नोव्हेंबरात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा कण साधारण मिलिमीटरभराचा होता आणि तो हाताळणारी माणसे जाणकार होती. चंद्राच्या मातीत सेंद्रिय अन्न फारच कमी असल्याने तिथे जीवाणूंचा धोका कमी. पाणी, प्राणवायू आणि आपल्या हवेतले शिसे व अरगॉन यांचा धोका मात्र तिथेही तेवढाच राहतो.

आता प्रत्यक्ष ठेवण्याबद्दल. अपोलो ११ च्या वेळी ह्यूस्टनने मुख्य ग्लोव्हबॉक्स, म्हणजे भिंतीत बसवलेल्या हातमोज्यांतून आत काम करायची पेटी, निर्वात ठेवून पाहिली. बाहेरच्या हवेचा दाब हातमोज्यांना आत रेटत असल्याने त्यांत हात घालून काम करणे म्हणजे अंगमेहनत होती. अशातच एक मोजा फाटला आणि हवा आत शिरली. त्यानंतर शुद्ध नायट्रोजनच्या ग्लोव्हबॉक्सकडे वळले, ते आजतागायत. आम्हीही मुख्य साठ्यासाठी नायट्रोजनच सुचवतो. प्राणवायू दशलक्षात २० भागांहून कमी आणि बाष्प दशलक्षात ५० भागांहून कमी, ही ह्यूस्टनची मर्यादा आपल्यालाही किमान म्हणून घ्यावी. पेटीतला दाब खोलीहून किंचित जास्त ठेवावा, म्हणजे गळती झालीच तर वायू बाहेर जाईल, हवा आत येणार नाही. खोलीतला दाब याच न्यायाने बाहेरच्या मार्गिकेहून जास्त असावा.

पण जास्त दाब ठेवला की काम झाले, असे समजू नये. बाष्प रबरातून झिरपते आणि त्याला एकूण दाबाशी कर्तव्य नसते. बाहेर पाणी जास्त, आत कमी, एवढे त्याला पुरते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली की हवेत बाष्प दशलक्षात ३३ हजार भागांच्या आसपास असते, म्हणजे पेटीतल्या मर्यादेच्या सहाशे पटींहून अधिक. म्हणून पेट्या जिथे असतील त्या धूळमुक्त खोलीची, क्लीनरूमची, हवासुद्धा कोरडी ठेवावी. जाड, बाष्प कमी झिरपू देणारे मोजे वापरावेत. काम नसताना मोज्यांच्या तोंडांवर झाकणे बसवावीत आणि मोजे वर्ष मोजून न बदलता झिरपण्याच्या चाचणीवर बदलावेत. पेटीच्या आत रबरी मोज्यावर टेफ्लॉनचा मोजा चढवावा आणि खड्याला तोही न लावता स्टीलच्या चिमट्यानेच उचलावे.

नायट्रोजन द्रवरूप साठ्यातून उकळून येणारा घ्यावा. याचा फायदा वीज गेल्यावर कळतो: पंखे आणि पंप बंद पडतात, पण टाकीतला वायू स्वतःच्या दाबाने वाहत राहतो आणि पेट्या सुरक्षित राहतात. निर्वात पेटीला ही सोय नाही. टाक्या दोन असाव्यात आणि एक भरत असताना दुसरी चालू असावी. जनरेटरचा धूर क्लीनरूमच्या हवा घेण्याच्या झडपेपासून दूर आणि वारा तो तिच्याकडे आणणार नाही अशा बाजूला निघेल, हे इमारतीच्या नकाशातच ठरवावे; डिझेलची काजळी मागाहून गाळत बसणे जड जाते. खोलीत प्राणवायू मोजणारे घंटायंत्र हवेच. नायट्रोजनला वास नसतो. गळती झाली तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. प्रमाण १९.५ टक्क्यांखाली गेले की खोली रिकामी करावी.

कोरड्या नायट्रोजनची एक खोड आहे. आत स्थिर विद्युत साचते आणि मातीचे बारीक कण टेफ्लॉनच्या पिशवीला, मोज्याला, काचेला चिकटतात किंवा उडतात. चंद्राच्या मातीतला बराचसा भाग एक मिलिमीटरहून बारीक असल्याने नुकसान याच भागाचे होते. धातूच्या सर्व वस्तू अर्थिंगला जोडाव्यात आणि बारीक कण गुळगुळीत स्टीलच्या किंवा नीलम-काचेच्या बशीत ठेवावेत. जपानच्या सागामिहारा येथील केंद्रात र्यूगूसाठी नीलम-काचेच्याच बशा आहेत. पिशव्या टेफ्लॉनच्या, तीन थरांच्या, उष्णतेने बंद केलेल्या असाव्यात. उपकरणांची शेवटची धुलाई मागे काही न ठेवणाऱ्या अतिशुद्ध पाण्याने करावी. आत जाणाऱ्या कोणाच्याही अंगावर अंगठी, मंगळसूत्र, काजळ, अत्तर असू नये. सोने-प्लॅटिनमच्या गटातली मूलद्रव्ये चंद्राच्या मातीत इतकी थोडी असतात की दागिन्याचा एक ओरखडाही मोजमाप फिरवतो.

एक छोटा वाटा नायट्रोजनपासूनही दूर ठेवावा, अशी आमची ठाम मागणी आहे. नायट्रोजनच्या समस्थानिकांचा, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा, अभ्यास करणाऱ्याला नायट्रोजनच्या पेटीतला नमुना काय कामाचा? र्यूगूचा काही भाग जपानने पहिल्यापासून निर्वातात ठेवला. आपणही ड्रिलच्या नमुन्याचा एक सीलबंद भाग निर्वातात आणि एक भाग उणे २० अंशांवर, न उघडता ठेवावा. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरच निर्वात डब्यात बंद केलेली ७३००१ क्रमांकाची नळी तब्बल ५० वर्षांनी, २०२२ साली उघडली गेली. आधी तिचे क्ष-किरण त्रिमिती चित्रण झाले, आतली भेग कुठे आणि खडा कुठे हे पाहूनच उपसण्याचा आराखडा ठरला. डबा टोचून वायू काढण्याचे खास यंत्र युरोपीय अंतराळ संस्थेने बनवले. मगच नळी अर्ध्या सेंटीमीटरच्या थराथराने उपसली. १९७२ मध्ये यांतले काहीच शक्य नव्हते. ती नळी तेव्हाच उघडली असती तर तो वायू कायमचा गेला असता. थांबण्याचे आणखी एक फळ २००८ सालचे: संशोधक अल्बर्टो साल यांच्या गटाने अपोलो १५ आणि १७ च्या ज्वालामुखी काचेच्या मण्यांत पाणी मोजले. चंद्र हाडासारखा कोरडा आहे, असे तोवर मानले जात होते. मणी तेच होते. मोजण्याची ताकद वाढली होती.

नमुना उतरण्याच्या जागेविषयी. २२ जानेवारी २००७ रोजी आपली एसआरई-१ ही कुपी बंगालच्या उपसागरात उतरवून परत मिळवली, हा अनुभव मोलाचा आहे. तरीही चंद्राच्या मातीसाठी समुद्र टाळावा. सीलमध्ये केसाएवढी फट राहिली तरी खारे पाणी आत शिरून क्लोरीन आणि सोडियमची मोजमापे कायमची बिघडवते. ओसायरिस-रेक्स युटाच्या वाळवंटात उतरले, हायाबुसा-२ ऑस्ट्रेलियातल्या वूमेरात, चीनची चांग-अ ५ व ६ ही याने त्याच देशाच्या इनर मंगोलिया प्रांतात. कोरडी, मोकळी जमीन निवडावी, उतरण्याच्या ठिकाणची माती व हवा लगेच नमुना म्हणून घ्यावी, आणि काही तासांच्या आत कुपी तात्पुरत्या क्लीनरूममध्ये नेऊन तीत नायट्रोजन सोडावा. पॅराशूट उघडले नाही तर काय, याचाही आराखडा लिहून ठेवावा. २००४ मध्ये जेनेसिस यानाची कुपी जमिनीवर आदळली, कारण तिचे गतिरोध ओळखणारे संवेदक उलटे बसले होते. सौरवाऱ्याचे कण पकडणाऱ्या पट्ट्यांचे हजारो तुकडे झाले. तरी विज्ञान वाचले, कारण प्रत्येक संचाच्या पट्ट्यांची जाडी मुद्दाम वेगळी ठेवली होती आणि तुकड्याच्या जाडीवरून तो कुठला हे सांगता आले. आपल्या डब्यांनाही अशी ओळख हवी, लेबल जळले किंवा गळून पडले तरी टिकणारी.

कुपी उघडण्याची तालीम खऱ्या हार्डवेअरच्या जुळ्या प्रतीवर, त्याच पेटीत आणि त्याच मोज्यांनी व्हावी. ओसायरिस-रेक्सने बेन्नू लघुग्रहावरून आणलेला नमुना धरणारे डोके उघडताना ३५ पैकी दोन स्क्रू हलेनात. ग्लोव्हबॉक्समध्ये नेता येतील अशा अवजारांनी ते निघत नव्हते आणि बाहेरचे अवजार आत नेता येत नव्हते. शेवटी शस्त्रक्रियेच्या दर्जाच्या, चुंबकत्व नसलेल्या स्टीलचे नवे अवजार घडवून, तालीम करून, १० जानेवारी २०२४ रोजी ते दोन स्क्रू काढले. तोपर्यंत ते स्क्रू न काढता मिळालेले ७०.३ ग्रॅम हाती होते; एकूण भरले १२१.६. आपल्या डब्याचा प्रत्येक स्क्रू अडकेल असे धरूनच अवजारे आधी करून ठेवावीत.

नोंदींबद्दल आम्ही आग्रही आहोत, कारण नोंद नसलेला दगड हा नुसता दगड. प्रत्येक नमुन्याला कायमचा क्रमांक, त्यापासून काढलेल्या प्रत्येक तुकड्याला पोटक्रमांक, तोडण्याआधीचे व नंतरचे वजन, आणि उडून गेलेल्या चुऱ्याचीही नोंद व्हावी. माती १०, ४, २ आणि १ मिलिमीटरच्या चाळण्यांनी वेगळी करावी, म्हणजे अपोलोच्या आकड्यांशी थेट तुलना करता येईल. खडा कापावा लागला तर हिऱ्याच्या धारेच्या करवतीने, कोरडाच. पाणी किंवा तेल लावू नये. प्रयोगशाळेतून परत आलेला तुकडा अस्पर्शित साठ्यात कधीही परत ठेवू नये; त्याची खोली वेगळी असावी. हे काम दोघांनी मिळून करायचे असते: एक हाताळतो, दुसरा मोठ्याने वाचून लिहितो. भेट म्हणून दिलेल्या दगडांचे काय होते, हेही लक्षात असावे. आयर्लंडला मिळालेला अपोलो ११ चा खडा १९७७ साली डन्सिंक वेधशाळेला आग लागल्यानंतर ढिगाऱ्यासोबत कचऱ्यात गेला.

तीन किलोंची वाटणी अशी असावी, असे आम्हाला वाटते. किमान ७० टक्के मुख्य साठ्यात अस्पर्शित. सुमारे १५ टक्के दुसऱ्या शहरात, दुसऱ्या भूकंप-पूर क्षेत्रात. ह्यूस्टनचा असा राखीव साठा न्यू मेक्सिकोत आहे आणि चीननेही बीजिंगबाहेर, हूनानमध्ये ठेवला आहे. उरलेल्यातून पहिल्या वर्षाच्या तपासणीला फार तर ५ टक्के. आज एका समस्थानिक मोजमापाला काही मिलिग्रॅम पुरतात, त्यामुळे १५० ग्रॅम ही मोठी रक्कम आहे. वाटप खुल्या अर्जांवर, परीक्षकांच्या शिफारशीने व्हावे आणि विद्यापीठांनाही त्यात जागा असावी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोच्या नमुन्यांत वैश्विक किरणांनी सोडलेले माग मोजले, तेव्हा नमुने परदेशातून मागवावे लागले होते. ते कौशल्य पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत वाढले. हे पद्धतशीर जतनाचे काम त्यांच्या खांद्याला खांदा लावून व्हावे.

सरावासाठी साहित्य आपल्या घरात आहे. तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा ॲनॉर्थोसाइट हा खडक इस्रोने चंद्रमातीची नक्कल करायला आधीच वापरला आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हे बेसॉल्टमध्ये झालेल्या आघाताचे पृथ्वीवरचे दुर्मीळ उदाहरण. तिथली आघात-काच आणि चुरडलेला बेसॉल्ट हाताळायला शिकलेला विद्यार्थी चंद्राचा खडा ओळखीच्या नजरेने पाहील. पण एक पथ्य कडक पाळावे: सरावाचा एकही कण चंद्रनमुन्यांच्या इमारतीत जाऊ नये. चंद्राच्या बेसॉल्टमध्ये पडलेली दख्खनच्या बेसॉल्टची धूळ शोधून काढणे फार कठीण असते. अशनी, लघुग्रहाचे कण आणि चंद्राची माती यांनाही एकत्र ठेवू नये. प्रत्येकाची खोली, हवा आणि अवजारे वेगळी असावीत.

माणसे कायमस्वरूपी नेमावीत. कंत्राट संपताना हात बदलले तर नोंदींचा धागा तुटतो. किमान सहा-सात जणांना, यान उडण्याच्या दोन वर्षे आधी, खऱ्या पेट्यांवर बसवावे. पेट्या बसल्यावर त्यांत पहिले सहा महिने काहीच ठेवू नये. नुसत्या साक्षी-पट्ट्या आणि अतिशुद्ध क्वार्ट्‌झची भुकटी ठेवून पेट्या चालवाव्यात, पावसाळ्यासकट. दर महिन्याला भुकटीतले पाणी, शिसे, सोडियम आणि सेंद्रिय रेणू मोजावेत आणि ते आकडे, वाईट आले तरी, सर्वांसाठी प्रसिद्ध करावेत. ते मर्यादेत बसले की मगच त्या पेट्यांना चंद्राच्या मातीसाठी मान्यता द्यावी.

कळावे,

आपले,
ग्रहीय नमुने, अशनी आणि खडकांच्या रसायनाचा अभ्यास करणारे आम्ही काही मराठी अभ्यासक